मानशीपलीकडचे पाणी : पाणथळीशेजारचा गोल्फ कोर्स

बंधुभगिनींनो, गोल्फ कोर्सविषयी बोलायला उभा राहून मी मानशीपासून सुरुवात करणार आहे. खाजन म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन. तिच्या बांधात बसवलेली मानस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहे. भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात, आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी निघून जाते. ज्यांनी ही रचना उभी केली त्यांनी आधी पाण्याची वाट ठरवली आणि मग जमिनीचा उपयोग ठरवला. पाणथळीशेजारी गोल्फ कोर्स आखणाऱ्यानेही हाच क्रम पाळला पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा खेळ मुळात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा. सेंट अँड्र्यूजसारख्या ठिकाणी समुद्र आणि शेती यांच्या मधल्या वाळूच्या पडीक जमिनीवर तो खेळला गेला. गवत पावसावर वाढे आणि मेंढ्या ते चरून आखूड ठेवीत. आजचा कोर्स याहून फार वेगळा आहे. अठरा होलच्या कोर्सला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. कुडचड्याजवळचे नंदा तळे, जे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ ठरले, ते ४२ हेक्टरांचे आहे. म्हणजे ज्या तळ्याला आपण आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानतो, त्याहून मोठ्या क्षेत्राचा स्वभाव एका कोर्समुळे बदलतो.

यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे ग्रीन, जिथे चेंडू शेवटी खड्ड्यात जातो. वरून ती मखमलीसारखी दिसते. तिची खरी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. प्रचलित पद्धतीत गवताखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो, त्याखाली खडी आणि खडीत छिद्रे पाडलेल्या नळ्या. पाऊस पडून गेल्यावर लगेच खेळता यावे म्हणून ही योजना असते. पण वाळू नत्र धरून ठेवत नाही. गवताने न घेतलेले खत पाण्यात विरघळून नळ्यांत उतरते, आणि त्या नळ्यांचे तोंड जर थेट तळ्यात किंवा खाजनाच्या पोयीत, म्हणजे तिथल्या पाणी साठणाऱ्या खोलगट भागात, उघडत असेल, तर आपण तिथे खत घातल्यासारखेच होते. स्फुरदाची वाट निराळी. ते मातीच्या कणांना चिकटून गढूळ पाण्याबरोबर जाते. दोन्ही एकत्र पोहोचली की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. कीटकनाशकांचे तर अधिकच जपावे लागते, कारण त्यांतली काही अत्यल्प प्रमाणातही सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, मारक ठरतात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावणाऱ्याचे पोट सुंगटांवरच असते.

उपाय अवघड नाहीत. अठराही ग्रीन मिळून क्षेत्रफळ हेक्टरभराच्या आसपास भरते. कडक निगा तेवढ्याच भागाला आणि टीला, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेला, पुरेशी आहे. उरलेल्या मोठ्या क्षेत्रात स्थानिक गवते, झुडपे आणि मूळची झाडे राखता येतात. नळ्यांची तोंडे आधी उथळ, लव्हाळ्यांनी भरलेल्या चरांत सोडावीत, तिथून गाळ बसेल अशा कुंडात आणि मगच पुढे. तळ्याच्या काठापर्यंत गवत कापण्याची जी हौस असते ती सोडून द्यावी. काठावर उंच वाढलेल्या पाणवनस्पती खत अडवतात आणि कमळपक्ष्याला, जांभळ्या पाणकोंबडीला आडोसा देतात. दोन्ही कामे एकाच पट्ट्याने होतात, याचा मला फार आनंद वाटतो.

वेळेचेही भान हवे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. परदेशी हवामानासाठी तयार केलेले खतांचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालवणे म्हणजे खत नदीला देणे होय. मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकूच नये. एरवीही माती तपासून, थोडे थोडे आणि हळूहळू विरघळणारे द्यावे.

उन्हाळ्यातला प्रश्न उलटा असतो. एका हेक्टरावर ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे ५० हजार लिटर; २० हेक्टर हिरवे ठेवायचे तर दिवसाला १० लाख लिटर. एवढे पाणी किनाऱ्याजवळच्या बोअरवेलमधून उपसले, तर खारे पाणी आत सरकते आणि शेजारच्या वाड्यावरच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, मात्र त्यात मुळातच असलेले नत्र खताच्या हिशेबातून वजा करावे. हे वजा करणेच बहुधा राहून जाते. पास्पालम जातीचे किनारी गवत मचूळ पाणी सहन करते, म्हणून गोड्या पाण्याची गरज कमी होते. तरीही त्यामुळे जमिनीत मीठ साठत जाते, याकडे डोळेझाक करता येत नाही.

काही जागी मात्र कितीही उत्तम आराखडा आणला तरी माझे उत्तर नकाराचेच राहील. खाजन ही त्यांतली एक. दुसरा आपला सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तो ओसाड दिसतो म्हणून त्याला पडीक म्हणण्याची चूक आपण करतो. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर उथळ डबकी भरतात, सीतेची आसवे फुलतात आणि मुरलेले पाणी पायथ्याच्या झरींना मिळते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पाणथळीच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई केली आहे. हे अंतर आवश्यकच आहे, पण वरच्या सड्यावरून नळीवाटे उतरणाऱ्या पाण्याला ते थोपवू शकत नाही.

तेव्हा असा प्रस्ताव आपल्या गावात आला, तर ग्रामसभेत हिरवळीची रंगीत चित्रे बाजूला ठेवून जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशा मागा. प्रत्येक नळीचे तोंड कुठे उघडते, ते त्यावर दाखवलेले असले पाहिजे. काम सुरू होण्यापूर्वी किमान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तळ्याचे व विहिरींचे पाणी तपासून घ्या, आणि ते आकडे पंचायतीच्या फलकावर, सर्वांना वाचता येतील असे लावायला सांगा.