मुक्कामी गाडी आणि ताडसोन्याचे साहेब

राम राम मंडळी. आज बोलायचंय आपल्या बीड जिल्ह्यातल्या ताडसोन्याच्या तुकाराम मुंढे साहेबांवर. कलेक्टर म्हणून, आयुक्त म्हणून त्यांचं नाव तुम्हाला माहीतच आहे, बदल्यांच्या बातम्या तर तोंडपाठ झाल्यात. पण मधे काही महिने हा माणूस पुण्याच्या सिटी बसचा प्रमुख होता, ते मागं पडतं, आणि मला त्याच्यावरच बोलायचंय.

2005 च्या बॅचचे आयएएस. जालन्याला कलेक्टर, पुढं सोलापूरला कलेक्टर, दोन्हीकडं पाण्याची बोंब. 2016 ला नवी मुंबईचे आयुक्त झाले, सकाळी सकाळी लोकांबरोबर चालत तक्रारी ऐकायचे, त्याच वर्षी ऑक्टोबरात नगरसेवकांनी अविश्वास ठराव मंजूर केला आणि मार्च 2017 ला त्यांना पीएमपीएमएलला पाठवलं. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बस. लोक म्हणले, साईड पोस्टिंग! मला हे बिलकूल पटत नाही. ज्यानं दुष्काळी जिल्ह्यात टँकर बघितलेत त्याला बस कळणारच. टँकर आला नाही की बाया हंडे घेऊन ताटकळतात, बस आली नाही की पोरं दप्तर घेऊन ताटकळतात. वेळेवर येणं, एवढाच विषय आहे. वेळेवर येणं.

आता एक गोष्ट सांगतो, मला ती कितीही वेळा सांगायला आवडते. गेवराई तालुक्यातलं आमच्या मामाचं गाव, तिथं एसटीची मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, जेवण कुणाच्या तरी घरून जायचं, पिठलं-भाकरी, वर ठेचा. त्या ड्रायव्हरला सगळं गाव ड्रायव्हरमामा म्हणायचं. पहाटे उठून ओल्या फडक्यानं समोरची काच पुसणार, टायर ठोकून बघणार, साडेपाचला दोन हॉर्न आणि गाडी हलली म्हणजे हलली. एका दिवशी पोरगं पळत आलं, "मामा थांबा, पाटील येऊ लागलेत, चहा पिऊ लागलेत." मामा म्हणले, "चहा होऊ द्या निवांत, उद्या पण गाडी आहे." आणि गेले की हो! पाटील धोतराचा सोगा धरून वेशीपर्यंत आले तर नुसता फुफाटा.

पाटलांनी डेपोला अर्ज केला, माझ्या गावातून मला सोडून गाडी जाते म्हणजे काय. झाली मामाची ड्युटी चेंज. नवीन ड्रायव्हर आला, स्वभावानं लई गोड, कुणी हाक मारली की थांबणार, कुणाची पिशवी राहिली थांबणार, कुणाचं आवरलं नाही थांबणार, मग साडेपाचची गाडी सहाला, सव्वासहाला, कधी साडेसहाला. गेवराईत पुढची बीडची गाडी चुकायला लागली. नर्सिंगच्या पोरींची हजेरी बुडाली. उन्हाळ्यात दूध डेअरीवर पोचेपर्यंत फाटायला लागलं. मग एका सकाळी दूधवाल्या बाया कॅन घेऊन सरळ पाटलांच्या ओसरीवर. म्हणल्या, "दादा, अर्ज तुम्हीच केलता, आता परत आणायचा बी तुम्हीच करा." पाटील काही बोलले नाहीत, आतून चष्मा मागवला. दुसऱ्या अर्जावर पहिली सही पाटलांची होती. आणि मामा परत आले तेव्हा पाटील सव्वापाचलाच पारावर येऊन बसलेले.

तर पुण्यात साहेबांनी ड्रायव्हरमामासारखंच धरलं, कामावर दांडी मारणाऱ्यांवर कारवाई, शिस्त. त्याचा त्रास झाला बऱ्याच जणांना. ज्येष्ठांच्या पासचे दर वाढवले, ते मात्र चुकलंच असं माझं स्पष्ट मत आहे, म्हाताऱ्या माणसाच्या पासला हात लावू नये. आपल्या एसटीनं बघा, 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवासच फुकट केलाय, 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, आज आमची मावशी दर पंधरा दिवसाला लेकीकडं जाती, पहिले दिवाळीलाच जायची.

आणि फेब्रुवारी 2018 ला साहेबांना नाशिकला पाठवलं. वर्ष सुद्धा पुरतं झालं नव्हतं. वर्ष सुद्धा नाही, मंडळी! शहराचं बस वेळापत्रक असं महिन्यांत बसत नसतं, कोणत्या डेपोत काय दुखतंय हे कळेपर्यंतच सहा महिने जातात. निजामाच्या राज्यात आपल्याकडं 1932 ला 27 गाड्यांवर सरकारी बस सुरू झाली ती नेटानं चालवली म्हणून वाढली. कडक माणूस नको असेल तर नका ठेवू, पण ठेवला तर तीन वर्षं तरी ठेवा, मग हिशोब मागा.

तुमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली असेल तर नुसतं पारावर बोलू नका, ग्रामसभेचा ठराव करा, अर्जाला जोडा आणि डेपोतून पोच घ्या. शिक्क्यासहित पोच. राम राम.