आधी गळ, मग पिसं

मंडळी, उन्हाळ्यात हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जायचं म्हणून तुमच्यापैकी काहींनी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेले नकली किडे, बांधायला घेतल्यात, आणि सगळ्यांची खरेदी पिसांपासून सुरू झालीय. माझं आग्रहाचं सांगणं आहे, सुरुवात गळापासून करा.

निम्फ म्हणजे मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारख्या किड्यांची पाण्याखालची अवस्था. आपल्या कृष्णेत ट्राउट नाही, त्याला थंड पाणी लागतं. पण हे किडे आपल्याकडेही आहेत. शिराळ्याच्या डोंगरातल्या स्वच्छ ओढ्यात दगड उलटा करून बघा. खाली चिकटलेला, शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेला चपटा जीव दिसेल. तो तळाशी राहतो, म्हणून ट्राउटही त्याला तळाशीच शोधतो. त्याची नक्कल करणारी फ्लाय, म्हणजे तुमची निम्फ, तिथवर बुडाली नाही, तर तिचं देखणेपण वाया गेलं.

गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. सुरुवातीला १२ ते १६ नंबर पुरेत. तार जाड घ्या. ती वजन देते आणि जोरदार माशापुढे वाकत नाही. दगडाळ तळ असेल तर जिग गळ उत्तम. त्याचं नेढं वाकवलेलं असतं, त्यामुळे वजनासाठी मणी ओवला की टोक वर राहतं आणि गळ कमी अडकतो. मात्र त्याला खाच पाडलेला मणी लागतो, साधा नीट बसत नाही. मणी टंगस्टनचा घ्या, महाग असला तरी. पितळेच्या दुपटीहून जड असल्यामुळे लहान आकारातही तो झपकन खाली जातो. आणि उलटा काटा नसलेलाच गळ घ्या, सोडायचा मासा कमी दुखावतो.

आता साहित्य. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची निम्फ बांधताना दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली. तीच बांधणी, तेच वजन, तोच तांबूस रंग! एका वस्तूकडून तीन कामं करून घेणारी ही नजर मला फार मोलाची वाटते. अशी तार आपल्याकडे पंप-पंखे रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. पंख्याची बारीक मागा, पंपाची जाड पडते. पायांसाठी कोंबडीच्या मानेची मऊ पिसं छान, ती पाण्यात हलतात. कोंबड्याची कडक पिसं पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ठेवा. सशाची लव पिळून अंग केलंत तर थोडीच घ्या. जास्त झाली की गळाचं तोंड बुजतं आणि मासा लागत नाही.

मोराच्या पिसाचे तंतू चमकतात, पण माशाच्या दातांनी लगेच तुटतात, म्हणून वरून तार उलट दिशेने गुंडाळा. पीस आपोआप गळून पडलेलंच हवं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला संरक्षण आहे.