आतली माया

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट. शिंप्याचं छोटं दुकान.)

“कंबर जरा सैल करून द्या.”

शिंपी पँट उलटी करतो, मागची शिवण ब्लेडनं उसवतो आणि आत दुमडलेलं कापड बोटांनी चाचपतो. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात. “दिवाळीला इंचभर सोडली होती. आता अर्धाच इंच उरलीय, मालक.”

गिऱ्हाइकाचं पोट तेवढं सुटलंय; हातपाय बारीक, वजनही बेताचंच. म्हणून तो निर्धास्त आहे. काळजी वाटते ती यासाठीच.

पोटावर चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. यकृत आणि आतड्यांभोवती साठते ती मात्र वेगळी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, थेट यकृतात उतरतात, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट इथूनच जाते.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. वजनकाटा आपल्या माणसांना असा चकवतो.

(दृश्य: विडी वळणारे हात.)

मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू. या मावशी सकाळपासून मान वर करत नाहीत. यांना आळशी कोण म्हणेल? तरी पोट सुटतं, कारण बैठ्या कामात हात राबतात, पाय नाही. त्यात पाळी गेली की चरबीचा ओढा मांड्यांकडून पोटाकडे वळतो. रात्रपाळीची मोडलेली झोप, सततचा ताण, दारू, तंबाखू, घराण्यातला मधुमेह हेही आहेच. ज्वारीच्या भाकरीला उगाच बोल लावू नका. दिवसभराचा गोड चहा आणि त्यासोबतची खारी मोजा.

(दृश्य: पुन्हा शिंप्याचं दुकान.)

पँटचा नंबर फसवा असतो. ती पोटाखाली नेसली जाते. टेप धरायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. बायकांना 80, म्हणजे साडेएकतीस. आपल्याकडच्या लोकांसाठी धोक्याची रेघ इथं आहे.

शिंपी टेप गुंडाळतो. “पोट आत ओढू नका, मालक. श्वास सोडा.”

साडेसदतीस.