खिशातली दहा नाणी

हातात पेन्सिल, समोर जेमतेम तीन पानांचा निबंध. तत्त्वज्ञानाचा तास संपत आला तरी वर्ग दुसऱ्याच पानावर आहे.

निबंध १९६३ सालचा, लेखक अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियर. एखादी गोष्ट खरी आहे, आपला तिच्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासाला सबळ आधार आहे, की झालं ज्ञान. ही व्याख्या तेव्हा बरेच तत्त्वज्ञ धरून चालत. तिची चाहूल थेट प्लेटोच्या ‘थिएटीटस’ संवादात लागते. गेटियर विचारतो, खरंच झालं का?

आता फळ्याकडे बघा. स्मिथ आणि जोन्स, अर्ज एकाच नोकरीसाठी. नोकरी जोन्सला मिळणार, असं खुद्द कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला सांगितलंय. जोन्सच्या खिशातली नाणीही स्मिथने मोजलीत : दहा. म्हणून स्मिथ मनाशी म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते ती स्मिथलाच! आणि त्याच्या खिशातही, त्याच्या नकळत, दहाच नाणी निघतात. म्हणणं खरं ठरलं, आधारही होता. मग स्मिथला ते ‘माहीत’ होतं का?

मागच्या बाकावरून उत्तर येतं, “छे, नुसतं नशीब.” बाई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. खडू पुढे करतात. “मग नशीब वगळून व्याख्या लिही.” मुलगी लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते : खोट्या गृहीतकावर न बेतलेला विश्वास. लगेच आक्षेप. बंद घड्याळात कुणी योगायोगाने बरोबर वेळ पाहिली, तर त्याने मनात कुठे काय गृहीत धरलं होतं?

तत्त्वज्ञान म्हणजे थोरांची वचनं पाठ करणं, असं समजून आलेले इथे पहिल्याच सत्रात चक्रावतात. ही वही पाहा. सत्यता-कोष्टकं (विधान कधी खरं, कधी खोटं याचे तक्ते), चिन्हं, खाडाखोड. गणिताची म्हणून सहज खपेल. शेजारच्या पानावर न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतलं पाच अवयवांचं, म्हणजे पाच विधानांचं अनुमान : डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. देकार्त, ह्यूम, कान्ट हे युरोपीय तत्त्वज्ञही येतात, पण त्यांच्याशीही भांडावंच लागतं.

एका विद्यार्थ्याच्या तपासून आलेल्या निबंधात समासभर एकच शेरा आहे : “कशावरून?” गेटियर बरोबर की चूक, याला गुण नाहीत. विरुद्ध बाजू तिच्या सगळ्या ताकदीनिशी मांडली का, हे बघितलं जातं.

पदवीनंतर कुणी वकिलीकडे वळतं, कुणी पत्रकारितेकडे, कुणी संगणकाकडे. नोकरी लगेच मिळतेच असं नाही.