पहिला डीएसएलआर घेताय? बॉडी सगळ्यात शेवटी बघा

नमस्कार मंडळी! डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. "पहिला डीएसएलआर कुठला घेऊ?" असं विचारणारे बहुतेक जण दुसऱ्याच वाक्यात मेगापिक्सेलवर येतात. तेवढं आधी उरकून टाकू. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 6000 बाय 4000 पिक्सेल. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून छापला, तर 20 इंच रुंद प्रिंट निघते. एवढी मोठी प्रिंट किती जण काढतात हो? तेव्हा 16-18 मेगापिक्सेलच्या जुन्या बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याला, नाकं मुरडू नका.

आधी ठरवायचा तो माउंट. लेन्स जिथे बसते ना, ती ही गोल कडी. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, कॅननचा ईएफ 1987 चा. बॉडी जुनी होते, बदलली जाते. लेन्स मात्र वर्षानुवर्षं चालतात, पण त्याच माउंटच्या बॉडीवर. म्हणून जवळचं कोण कुठली कंपनी वापरतं ते विचारून घ्या. उसनी लेन्स मिळणं हे माझ्या मते कंपनी निवडायचं सगळ्यात भक्कम कारण आहे. हसू नका, खरंच.

आता निकॉनवाल्यांनी जरा नीट ऐका. (बॉडी कॅमेऱ्याजवळ धरून) ही डी7000 मालिकेतली बॉडी. माउंटच्या कडीवर खालच्या बाजूला बारीकसं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दिसतंय? बॉडीतली मोटर या टोकाने जुन्या लेन्सचा फोकस फिरवते. डी3000 आणि डी5000 मालिकेत हे टोकच नाही. तिथे जुनी एएफ-डी लेन्स (तिच्यात स्वतःची मोटर नसते) बसेल, फोटोही निघेल, पण ऑटोफोकस होणार नाही. रिंग हाताने फिरवत बसा. अशा बॉडीसाठी लेन्सवर 'एएफ-एस' (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलंय ना, ते बघून घ्या. कॅननमध्ये ही भानगड नाही, ईएफ लेन्सची मोटर लेन्समध्येच असते. फक्त त्यांची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या भागाच्या) बॉडीवर बसत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

बॉडीसोबत येणारी 18-55 एमएम किट लेन्स (एमएमचा आकडा मोठा, तितकं दृश्य जवळ) वाईट नाही, पण 55 वर नेली की तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ/5.6 च्या वर उघडत नाही. एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं. एफ/1.8 ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी घरात पळणाऱ्या पोराचा फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल. सगळे 50 एमएम घ्या म्हणतात. छोट्या सेन्सरवर ती 75-80 सारखी वागते आणि खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकते. घरातल्या फोटोंसाठी मी 35 सुचवेन.

व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीला, डोळा लावून बघायलाही विसरू नका. स्वस्त बॉडीत पेंटाप्रिझमऐवजी (काचेच्या ठोकळ्याऐवजी) आरसे असतात, त्यामुळे चित्र थोडं अंधुक दिसतं, आणि बऱ्याचदा फ्रेमचा 95 टक्केच भाग दिसतो. कडेला नको ती वायर फोटोत येते ती अशी.

मुख्य काम व्हिडिओचं असेल, तर डीएसएलआरच्या नादी लागूच नका, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घ्या.

नवीन डीएसएलआर आता फारसे निघत नाहीत. कॅननचा 850डी 2020 चा, निकॉनचा डी3500 तर 2018 चा. म्हणजे वापरलेलाच घ्यायची वेळ येणार. अशा वेळी शटर काउंट, म्हणजे त्यावर आजवर किती फोटो काढले, ते विचारा. सुरुवातीच्या दर्जाच्या कित्येक बॉडींचं शटर साधारण 1 लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. मग अॅपर्चर एफ/16 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो काढा आणि झूम करून बघा. दोन्हींत त्याच जागी करडे ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. बहुतेकदा ती साफ होते, पण साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कण मात्र फोटोत येत नाही. त्यावरून घासाघीस करायला जाऊ नका, विकणारा जाणकार असेल तर हसेल तुम्हाला.