आधी आवळा, मग सोडवा

मंडळी, टेबलावरचा हा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, प्रीमियर पद्मिनीचा आहे. ही गाडी आपल्या कुर्ल्यात बनायची. तिचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हा भाग मोडला तर नवा आणायला दुकान नाही. माझ्याकडे निकामी होऊन येणाऱ्या भागांपैकी कितीतरी चांगले टिकलेले असतात, कुणीतरी उघडायला जाऊन मोडलेले असतात. आणि ते मोडतात दोन-चार मिलिमीटरच्या स्क्रूपायी.

हा बटरफ्लाय बघा, हवेची वाट उघडझाप करणारी चकती. दांड्याच्या चिरेत ती सरकवलेली आहे आणि दोन बारीक स्क्रूंनी धरलेली आहे. हे स्क्रू सुटले तर सरळ इंजिनात जातील, म्हणून आवळून झाल्यावर त्यांची मागची टोकं ठोकून फुलवतात. पुष्कळ जण मागे बघतच नाहीत. वरून पेचकस लावून जोर करतात. मग फुललेलं टोक दांड्यातले आटे ओरबाडत वर येतं, नाहीतर माथा तुटतो. इथे गंजाचा संबंधच नाही, कितीही तेल सोडा. कार्ब्युरेटर उलटा करायचा, बारीक कानशीनं ते टोक दांड्याला सपाट होईपर्यंत घासायचं आणि मगच पेचकस लावायचा. त्याआधी चकतीवर खूण करा. तिच्या कडा तिरक्या असतात. उलटी बसली तर ती पूर्ण मिटत नाही.

खरोखर गंजलेल्या स्क्रूचं दुखणं वेगळं. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या अंगात, वर आपल्या किनाऱ्याची खारी दमट हवा. दोन धातूंच्या मध्ये ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड होते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. अशा वेळी पहिला प्रयत्न फार जपून करायचा असतो, कारण खाच एकदा चेपली की पुढची प्रत्येक युक्ती अवघड होते. खाचेतली घाण सुईनं काढा. पेचकसाचं पातं खाचेच्या पूर्ण लांबीत आणि जाडीत घट्ट बसलं पाहिजे. बसत नसेल तर पातं घासून तसं करा, मी स्क्रूसाठी पेचकस घडवायला अर्धा तास देतो. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली की पकड वाढते. आणि सोडवण्याआधी स्क्रू केसभर आवळा. उलट्या दिशेच्या त्या हालचालीनं गंजाची पकड मोडते. मग थोडा सैल, थोडा घट्ट, मध्ये तेलाचा थेंब, असं पुढेमागे करत न्या.

उष्णता हे सगळ्यांत भरवशाचं हत्यार. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून अंग तापवलं की स्क्रूभोवतीची मिठी सैल होते. बारीक स्क्रूला सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग द्यायचं तापतं हत्यार, माथ्यावर दोन मिनिटं धरलं तरी पुरतं. गरम असतानाच मेणबत्तीचं मेण लावा, ते आट्यांत शोषलं जातं. कार्ब्युरेटरवर मात्र ज्योत कधीच नको. एक तर पेट्रोल, आणि बहुतेकांचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, जे ४०० अंशांच्या आतच वितळतं.

माथा तुटलाच तर? बाजारात तुटलेला स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. बारीक स्क्रूसाठी तो वापरू नका, असं मी कळकळीनं सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून तो एका हाउसिंगमध्ये तुटला. ते पोलाद इतकं कडक असतं की ड्रिल त्यावर चालत नाही. शेवटी विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क इरोजनवाल्याकडे न्यावं लागलं, आणि गाडीच्या मालकाला ते सांगताना मला फार वाईट वाटलं. त्यापेक्षा मधोमध पंच मारून डाव्या फिरकीचं ड्रिल लावा, ते स्क्रू सुटायच्या दिशेनंच फिरतं. कित्येकदा भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो.

पितळी भागात पोलादी स्क्रू तुटला असेल तर घड्याळजींचा उपाय मला फार आवडतो: तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालायची, भाग त्यात बुडवून ऊबदार ठेवायचा. पोलाद हळूहळू विरघळतं, पितळ राहतं. एका जुन्या दिव्याच्या पितळी कड्यातला तुकडा असा दोन दिवसांत गेला आणि आटे शाबूत राहिले. मात्र त्या भागात दुसरं काही पोलादी, एखादी स्प्रिंगसुद्धा, राहू देऊ नका, आणि जस्ताचा भाग त्यात घालू नका.

आता बटरफ्लाय परत बसवू. स्क्रू नवेच घ्या. आधी सैल ठेवा, आयडलचा स्क्रू, म्हणजे चकती पूर्ण मिटू न देणारा, मागे घ्या आणि चकती मिटू द्या, म्हणजे ती आपसूक मध्यावर येते. मग आवळा. टोकं फुलवताना दांड्याखाली भक्कम आधार द्या, नाहीतर दांडा वाकतो. पण त्याआधी कार्ब्युरेटर असा उजेडाकडे धरून बघा. चकतीभोवती सगळीकडे सारखीच बारीक प्रकाशरेषा दिसली, तरच हातोडी उचला.