आधी लेन्स, मग कॅमेरा

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘पक्ष्यांसाठी सोनी घेऊ, निकॉन घेऊ की कॅनन?’ मी हा प्रश्न उलटा करतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आपण चार-पाच वर्षांत बदलतो. लांब झूम लेन्स मात्र मुक्काम ठोकून राहते, आणि तिच्या माउंटपायी, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या खाचेपायी, आपणही त्या घराण्यात अडकतो. म्हणून लेन्स आधी.

लेन्स बघताना सगळे एकच विचारतात, ६०० की ५००? मी एक भागाकार करतो. फोकल लांबीला, म्हणजे या ६००-५०० मिलिमीटरला, त्या टोकाच्या एफ-आकड्याने (लेन्सवर f/ पुढे लिहिलेला) भागा. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६००, दोन्हींचा आकडा ६.३. म्हणजे साधारण ९५ मिलिमीटर. हे उजेड आत यायचं दार. कॅननच्या १००-५०० ला ७.१ ने भागलं की ७० येतात. ओएम सिस्टिम कंपनीच्या १००-४०० चे जेमतेम ६३. दार गोल, त्यामुळे हिशोब वर्गाचा : ९५ चं दार ६३ च्या सव्वादोन पट उजेड घेतं.

तुम्ही म्हणाल, ओएमचा सेन्सर छोटा, तिथे ४०० ची चौकट ८०० सारखी दिसते. दिसते, खरंच. पण त्याच फांदीवरच्या त्याच पक्ष्याकडून, तेवढ्याच शटरवेळात किती उजेड मिळणार, हे दाराचं माप ठरवतं. सेन्सर लहान केला म्हणून तो वाढत नाही. भर उन्हात कुणाला फरक कळणारही नाही. संध्याकाळी दाट झाडीत कळतो, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, दिसायला लागतो.

मग मोठंच दार घ्यावं? सोनीची लेन्स २.१ किलोची आहे. कॅननची कॉलर (ट्रायपॉडला लावायची कडी) काढून १३७० ग्रॅम, ओएमची ११२०. दोन किलो गळ्यात घालून मी चार तास चाललोय. तिसऱ्या तासाला पक्षी उडाला आणि हात वर गेलाच नाही. तेव्हापासून वजनाचा रकाना मी आधी वाचतो. सोनी-निकॉनची नळी झूम करताना बाहेर येत नाही, हातातला तोल टिकतो. कॅननची येते, पण मिटली की पिशवीत मावते. मात्र तिला एक्स्टेंडर (लेन्सची पोच वाढवणारा जोडभाग) लावलात तर ३०० च्या खाली झूम जात नाही. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

घराण्यांचं थोडक्यात. सोनीच्या ई-माउंटवर सिग्मा-टॅमरॉन या इतर कंपन्यांच्या लेन्स भरपूर, पण त्यांना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा. कॅननचा आरएफ माउंट २०१८ चा. त्यासाठी ऑटोफोकसच्या लेन्स बनवायची परवानगी सिग्मा-टॅमरॉनना मिळाली २०२४ ला, तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स घरात असतील तर मात्र अ‍ॅडॉप्टरवर त्या उत्तम चालतात, कॅननच धरा.

दुसरी चिठ्ठी : ‘दुपारी लांबचे फोटो धूसर येतात, कुठली लेन्स घेऊ?’ कुठलीच नको. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, ८०० मिलिमीटरने ती थरथरच मोठी दिसेल. सकाळी लवकर निघा, नाहीतर जवळ जा.